शोरूममध्ये जाताना आपली केबल घेऊन जा

इथे मिशिगनमध्ये ओळखीतलं कुणी नवी गाडी बघायला निघालं, की मी पहिल्यांदा विचारते, "तुझा फोन तिच्या पडद्यावर चालतो का?" या प्रश्नामागे माझी झालेली फजिती आहे. विमानतळावर भाड्याची इलेक्ट्रिक गाडी घेतली, शेजारी आई. केबल लावली, फोन चार्ज व्हायला लागला आणि पडद्यावर काहीच येईना. पंधरा मिनिटं केबल काढ-घाल चालली होती. शेवटी आई म्हणाली, "अगं, कुणाला तरी विचार." विचारलं, तर त्या गाडीत ती सोयच नव्हती.

जनरल मोटर्सनं २०२३ मध्येच सांगून टाकलं, की पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो नसेल. आयफोन आणि अँड्रॉइड फोन गाडीच्या पडद्यावर चालवायच्या या दोन सोयी. सुरुवात झाली २०२४ च्या ब्लेझर ईव्हीपासून. त्यांच्याच जुन्या बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीत दोन्ही होतं. कंपन्या मत बदलतात हेही खरं. टोयोटानं बरीच वर्षं ताणून धरलं आणि २०१९ च्या अ‍ॅव्हलॉनमध्ये कारप्ले दिलं. बीएमडब्ल्यू त्याचे वर्षाला ८० डॉलर घ्यायची, तेही २०१९ च्या शेवटी सोडून दिले. पण 'पुढे अपडेटमध्ये येईल' असं सेल्समन म्हणाला, तर ते नाही असंच धरून चाला.

माहितीपत्रकात एक शब्द नीट वाचा. अँड्रॉइड ऑटो म्हणजे फोनमधलं पडद्यावर दिसणं. अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह किंवा 'गूगल बिल्ट-इन' म्हणजे गाडीची स्वतःची यंत्रणा, त्यात तुमच्या फोनचा संबंध असेलच असं नाही. विकणाऱ्यांचाही इथे गोंधळ होतो.

मग गाडीत बसा आणि आपला फोन आपल्या केबलनं जोडा. केबल डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर काही दिसणार नाही. वायरलेस असेल तर जरा लांबची चक्कर मारा, फोन किती तापतो ते कळेल.

आता आपली खास परीक्षा. संपर्कयादीत 'आई', 'ज्ञानेश्वरकाका' असं देवनागरीत लिहिलंय ना? कारप्लेमध्ये ती अक्षरं फोनच काढून पाठवतो, म्हणून नीट दिसतात. गाडीच्या स्वतःच्या यंत्रणेत मला नावांच्या जागी ओळीनं रिकामे चौकोन दिसलेत. फोन कुणाला लावायचा, चौकोनाला?

ही सोय नसलेली गाडी लगेच बाद करू नका. तिच्या नकाशाला बॅटरी किती उरलीय ते ठाऊक असतं. त्या नकाशात वाटेतला चार्जर टाकला, की बरीचशी यंत्रणा तिथे पोचण्याआधीच बॅटरी गरम करून ठेवते, म्हणजे ती लवकर चार्ज होते. इथल्या जानेवारीत ही लहान गोष्ट नाही. फक्त नकाशा, गाणी आणि इंटरनेट किती वर्षं फुकट आणि नंतर महिन्याला किती, हे लेखी घ्या. माझ्या मते सोय काढून टाकण्यामागे बॅटरीइतकंच हे वर्गणीचं गणितही आहे.

उतरण्यापूर्वी गाडीच्या सेटिंगमधून आपला फोन काढून टाका. एका डेमो गाडीत मला आधीच्या गिऱ्हाइकाची अख्खी संपर्कयादी दिसली होती, दंतवैद्यासकट.