फ्री एजंट कुठे जाणार? फिजिकल होईपर्यंत पेन उघडू नका

वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉल हंगामाची अंतिम मालिका, संपली की आमच्या बे एरियातल्या मराठी ग्रुपवर दरवर्षी तेच सुरू होतं. फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळे झालेले खेळाडू, कुठे जाणार? अमुक आमच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे येतोय, तमुक लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पक्का. बेसबॉलची गोडी नव्याने लागलेली मंडळी यात सगळ्यात पुढे असतात आणि दर हिवाळ्यात त्याच चुका करतात. त्यातल्या दोन चुकांवर सविस्तर लिहितो.

बातमी आली म्हणजे करार झाला, असं धरणं

6 डिसेंबर 2022. त्या हंगामात 62 होमरन मारून अमेरिकन लीगचा विक्रम करणारा एरन जज फ्री एजंट होता. लहानपण इथल्याच कॅलिफोर्नियातल्या लिंडन गावात गेलेलं, तेव्हा तो जायंट्सचा चाहता. आम्ही सगळे डोळे लावून बसलो होतो. दुपारी एका नावाजलेल्या पत्रकाराचं ट्वीट आलं, की जज जायंट्सकडे निघालेला दिसतोय. घाईत नावसुद्धा 'आर्सन' असं टाइप झालेलं. मी ते लगेच ग्रुपवर टाकलं, मुलाला शाळेतून आणताना गाडीतच सांगून टाकलं. घरी पोचेपर्यंत बातमी मागे घेतलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, जज आपल्या जुन्या संघाकडे, न्यूयॉर्क यँकीजकडेच राहणार: 9 वर्षं, 36 कोटी डॉलर. पोरगं त्या दिवशी न खाताच शाळेत गेलं.

पुढच्याच आठवड्यात कार्लोस कोरेया. जायंट्स, 13 वर्षं, 35 कोटी. ही बातमी अगदी खरी होती. पत्रकार परिषद ठरली आणि काही तास आधी पुढे ढकलली गेली. 2014 मध्ये त्याच्या पायावर शस्त्रक्रिया झाली होती, ती फिजिकलमध्ये, म्हणजे वैद्यकीय तपासणीत, आड आली. लगेच मेट्सशी ठरलं: 12 वर्षं, 31.5 कोटी. तिथेही फिजिकललाच गाडी अडली. शेवटी जानेवारीत तो परत मिनेसोटा ट्विन्सकडे गेला, आदला हंगाम जिथे खेळला होता तिथेच: 6 वर्षं, 20 कोटी.

तेव्हापासून मी वही ठेवतो. बातमी पेन्सिलने लिहायची. क्लबने स्वतः जाहीर केलं की मगच पेन. कोरेयाच्या पानावर तीन संघांची नावं आहेत, दोन खोडलेली. ग्रुपवर पहिला मेसेज आपलाच पडला पाहिजे, ही हौस मला आता अजिबात पटत नाही. तुमच्या त्या घाईवर कुणाचं तरी पोर आशा लावून बसतं.

मोठा आकडा बघून हिशोब करणं

डॉजर्सशी झालेल्या करारातले शोहेई ओहतानीचे 70 कोटी डॉलर सगळ्यांना पाठ आहेत. पण 10 वर्षांच्या त्या करारात दरसाल हातात पडतात फक्त 20 लाख. उरलेले 68 कोटी 2034 ते 2043 या काळात मिळणार, तेही बिनव्याजी. त्यामुळे लक्झरी टॅक्सच्या, म्हणजे पगाराची ठरावीक रेषा ओलांडली की संघाला बसणाऱ्या कराच्या, हिशोबात डॉजर्सच्या नावावर वर्षाला 7 कोटी नव्हे, सुमारे 4.6 कोटीच धरले जातात. 'आता त्यांचे पैसे संपले, पुढचा खेळाडू दुसरीकडे जाणार' असं ज्यांनी ज्यांनी ठासून सांगितलं, त्यांनी ही बाजू बघितलीच नव्हती. डॉजर्सनी त्याच महिन्यात योशिनोबू यामामोतोला 12 वर्षांसाठी 32.5 कोटी देऊन घेतलं. उलट हुआन सोतोच्या मेट्सबरोबरच्या 15 वर्षं, 76.5 कोटीच्या करारात पुढे ढकललेला एक पैसाही नाही. दोन्ही आकडे एका तागडीत तोलता येत नाहीत. आधी किती वर्षं, मग किती रक्कम लांबणीवर, मग मधेच बाहेर पडायची मुभा आहे का, हे पाहिल्याशिवाय मी मत देत नाही.

बाकीच्या थोडक्यात.

आयपीएलचा लिलाव डोक्यातून काढा. तिथे शेवटची बोली ज्याची, खेळाडू त्याचा. इथे निवड खेळाडू करतो, आणि पगारावर सक्तीची कमाल मर्यादा नाही.

विमानांचा माग काढू नका. डिसेंबर 2023 मध्ये टोरांटोला निघालेल्या एका खासगी विमानात ओहतानी आहे म्हणून लोक तासन् तास नकाशा बघत बसले. आत भलताच माणूस होता.

क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे जुन्या संघाने फ्री एजंटला देऊ केलेला एका वर्षाचा करार, विसरू नका. ती नाकारलेल्या खेळाडूला घेतलं, की नव्या संघाची ड्राफ्टमधली, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, एखादी पाळी जाते. फार मोठं नाव नसलेले, मध्यम दर्जाचे खेळाडू त्यामुळेच अडकतात.

25 वर्षांखालचा जपानी खेळाडू असेल तर पैशांचा विचार बाजूला ठेवा. रोकी सासाकीचा बोनस 65 लाखच होता, कारण नियमच तसा आहे.

संघाच्या नावापासून सुरुवात करू नका, मैदानातल्या रिकाम्या जागेपासून करा. मी नोव्हेंबरात एकेका संघासाठी एक डायमंड, म्हणजे बेसबॉल मैदानाची आकृती, काढतो आणि करार संपलेल्यांची नावं पुसतो. अर्धे अंदाज तिथेच गळून पडतात.

आणि डिसेंबरातल्या विंटर मीटिंग्ज, म्हणजे संघांच्या अधिकाऱ्यांच्या वार्षिक बैठका, आटोपल्या म्हणजे बाजार उठला असं समजू नका. ब्लेक स्नेलने 2023 चा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, जिंकला होता, तरी जायंट्सबरोबर त्याची सही झाली थेट मार्चमध्ये, 2 वर्षांसाठी 6.2 कोटींवर. तोवर त्याच्या पानावर पेन्सिलने लिहिलेली पाच नावं होती, आणि जायंट्स त्यात नव्हते.