बॅटरी उतरल्यानंतर पेटून राहिलेला एअरबॅगचा दिवा कसा घालवावा

पावसाळ्यात कोल्हापुरात मोटार आठवडाभर दारातून हलली नाही, असे अनेक घरांत घडते. अशा गाडीची बॅटरी उतरते, शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर केबल लावून ती सुरू केली जाते आणि त्यानंतर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझण्याचे नाव घेत नाही. एरवी हा दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंद लागतो आणि आपोआप जातो, कारण तेवढ्या वेळात ती यंत्रणा स्वतःची तपासणी करत असते. तो लागूनच राहिला तर नियंत्रकाने, म्हणजे एअरबॅग चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीने, एखादा दोष नोंदवला आहे असे समजावे. तो दोष दूर होईपर्यंत अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडेलच, अशी खात्री धरता येत नाही.

उतरलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारला की व्होल्टेज एकदम कोसळते आणि नियंत्रक ‘पुरवठा कमी’ अशी नोंद करून ठेवतो. ही नोंद वीज तुटली तरी टिकणाऱ्या मेमरीत राहते. त्यामुळे टर्मिनल काढून अर्धा तास ठेवण्याचा जो उपाय हमखास सुचवला जातो, त्याने घड्याळाची वेळ जाते, दिवा सहसा जात नाही.

म्हणून दिव्याच्या आधी बॅटरीकडे पाहावे. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर मल्टिमीटरने मोजल्यास पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. आकडा 12 च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळायला हवेत. ते मिळत नसतील तर डायनामो, त्याचा पट्टा किंवा जोडण्या तपासाव्यात, कारण तो दोष तसाच ठेवून दिवा घालवला तरी तो परत येणारच. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर साचला असेल तर तो साफ करून जोडणी घट्ट करावी. बॅटरी काढताना इग्निशन बंद असावे, ऋण टर्मिनल आधी सोडवावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे. इग्निशन चालू ठेवून तारा काढल्या-लावल्या, तर त्यातूनच नवे दोष नोंदले जाऊ शकतात.

बॅटरी पूर्ण चार्ज झाली, किंवा बदलली, की गाडी दोन-चार दिवस नेहमीसारखी वापरावी. काही गाड्यांत व्होल्टेज सुधारल्यावर नोंद ‘जुनी’ म्हणून बाजूला पडते आणि दिवा आपोआप विझतो. तसे झाले नाही तर स्कॅनर, म्हणजे नोंदलेले दोष कोडच्या रूपात वाचणारे व पुसणारे उपकरण, लावावा लागतो. मोबाइलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इथे बहुधा कामाला येत नाही, कारण तो मुख्यतः इंजिनचे कोड वाचतो. एअरबॅगचे कोड सहसा ‘बी’ या अक्षराने सुरू होतात आणि त्यांच्यासाठी त्या यंत्रणेपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागतो. उद्यमनगरातल्या एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाण्याआधी, आपल्या गाडीच्या एअरबॅगचे कोड त्याच्या स्कॅनरवर वाचता आणि पुसता येतात का, एवढे फोनवर विचारून घेतले तर एक फेरी वाचते.

कोड पुसण्याआधी तो वाचून त्याचा फोटो काढून ठेवावा. माझ्या मते या सगळ्या कामातली हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते. कमी व्होल्टेजचा कोड असेल आणि तो ‘जुना’ म्हणून दिसत असेल, तर निर्धास्तपणे पुसावा, इग्निशन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू करावे आणि दिवा लागून विझतो का ते पाहावे. तो मुळीच लागला नाही, तर तेही दोषाचेच लक्षण आहे. जुनी गाडी विकत घेताना तर हे मुद्दाम पाहावे, कारण बल्ब काढून दिवा ‘घालवणारे’ महाभाग सगळीकडे असतात.

पुसलेला कोड लगेच परतला, तर प्रश्न बॅटरीचा नाही. सीटखालचा एअरबॅग यंत्रणेचा पिवळा कनेक्टर सैल झालेला असू शकतो. दिव्यासोबत हॉर्नही वाजत नसेल, तर स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे चाक फिरले तरी एअरबॅग व हॉर्नची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी, तुटलेली असू शकते. इथून पुढे घरी हात घालू नये. बॅटरी काढल्यानंतरही नियंत्रकातील कपॅसिटरमध्ये काही मिनिटे इतका भार उरतो की एअरबॅग उडू शकते. एअरबॅगच्या पिवळ्या तारांना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्पही कधीही लावू नये, कारण त्यांच्या प्रवाहानेही एअरबॅग उडू शकते.

कोल्हापूरच्या वाचकांसाठी आणखी एक बाब. 2019 आणि 2021 च्या पुरात शहरातल्या अनेक गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि एअरबॅगचा नियंत्रक बऱ्याच गाड्यांत गिअरच्या दांडीजवळ, मधल्या कन्सोलखाली, म्हणजे अगदी खालच्या पातळीवर असतो. गाडीत पाणी शिरलेले असेल, तर बॅटरी त्याच काळात उतरली म्हणून दोष तिच्या माथी मारू नये आणि कोड पुसून गाडी वापरातही आणू नये. नियंत्रक व सीटखालचे कनेक्टर अधिकृत सेवा केंद्राकडून तपासून घ्यावेत आणि विमा कंपनीला कळवेपर्यंत स्कॅनरवर दिसलेले कोड तसेच राहू द्यावेत.