औषध लावलं, तरी पिसवा जात नाहीत? या चुका टाळा

'आठवड्यापूर्वीच औषध टाकलं, तरी हा पुन्हा कराकरा खाजवतोय.' कुत्रा पाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. मग औषध खोटं निघालं असं समजून लगेच दुसरं आणलं जातं. बहुतेक वेळा दोष औषधाचा नसतो. उपचार कुत्र्यावर झालेला असतो आणि घर तसंच राहिलेलं असतं.

पिसूची मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. ती अंडी केसांना चिकटत नाहीत. कुत्र्याने अंग झटकलं की अंथरुणात, सोफ्याच्या सांध्यात, फरशीच्या फटीत पडतात. अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम ५ टक्के असतात. बाकी सगळ्या अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरात लपलेल्या. कोषातली पिसू कित्येक महिने दबा धरून बसते आणि जवळून कोणी चाललं की त्या हादऱ्याने, उबेने बाहेर पडते. म्हणून उपचार सुरू केल्यावर काही आठवडे नव्या पिसवा दिसल्या तरी औषध सोडू नका. किमान तीन महिने खंड पडू देऊ नका. दर आठवड्याला त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा, कानाकोपऱ्यात व्हॅक्यूम फिरवा, आणि घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजरावर एकाच वेळी उपचार करा. एक जरी सुटलं तरी सगळं मुसळ केरात.

पिसवा आहेत की नाहीत याची शंका असेल, तर शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला, तर ती माती नाही. पिसूच्या विष्ठेतलं पचलेलं रक्त आहे.

ठिबक औषध केसांवर सांडणं ही आणखी एक चूक. मानेवरचे केस बाजूला करून ते थेट कातडीवर पडलं पाहिजे. आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. मोठ्या कुत्र्याची नळी अंदाजाने दोन पिल्लांत वाटू नका. मात्रा वजनावर ठरते. गोळी देणार असाल आणि कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

आणि कळकळीने सांगते, कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत असलेलं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेतू शकतं. घरगुती म्हणून लसूण खाऊ घालणंही नको, त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

गोचिडीची गोष्ट वेगळी. आमची कुत्री दोन दिवस पुढचा पंजा चाटत होती. काटा रुतला असेल म्हणून पाहिलं, तर बोटांच्या बेचक्यात वाटाण्याएवढी टम्म फुगलेली राखाडी गोचीड. तेव्हापासून फिरून आलं की बेचक्या, कानांच्या आत, काखा, शेपटीखाली आणि पट्ट्याखाली रोज बोटं फिरवते. दिसली की तेल, रॉकेल, पेटती काडी काही नको. डिवचलेली गोचीड पोटातलं परत जखमेत ओकू शकते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरा, न पिळता सरळ ओढा. नखाने चिरडू नका, स्पिरिटमध्ये टाका. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन गळून पडली की भिंतीवर चढते आणि फटीत हजारो अंडी घालते, म्हणून भेगा बुजवणं हाही उपचाराचाच भाग.

गोचीड काढली म्हणजे संपलं, असंही धरू नका. तिने दिलेला ताप एक ते तीन आठवड्यांनीही उमटतो. कुत्रा खाणं टाकतो, मलूल पडतो, हिरड्या फिकट होतात, कधी नाकातून रक्त येतं. अशा वेळी उद्यावर ढकलू नका. डॉक्टरांकडे जाताना गोचीड कधी आणि कुठे सापडली ते आठवून सांगा, म्हणजे रक्ताची नेमकी तपासणी पहिल्याच दिवशी होईल.