पावसाळी सल्ला : मनीप्लांटच्या कुंडीतही वाफसा बघा

पावसाळ्यात घरातला मनीप्लांट दगावतो तो बहुतेक वेळा पाण्यानेच, आणि ते पाणी आभाळातलं नसतं, आपण तांब्याने घातलेलं असतं. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी घालायची हाताला सवय लागलेली असते. मग आभाळ भरून येतं, खिडकीतला उजेड उतरतो, हवा दमट होते. उजेड कमी म्हणजे पानांचं काम कमी, आणि पानांचं काम कमी झालं की मुळांची पाण्याची ओढही कमी. कुंडी तीच असते, तांब्याही तोच असतो.

वाफसा म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगायला नको. मातीच्या कणांना ओल धरलेली आणि मधल्या पोकळीत हवा खेळती, अशी स्थिती आल्याशिवाय तो रानात औत घालत नाही. कुंडीलाही हाच नियम लावा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओली माती बोटाला चिकटून आली तर आज पाणी नाही. कोरडी, भुरभुरीत लागली तर तळाच्या छिद्रातून वाहेपर्यंत द्या आणि अर्ध्या तासाने ताटलीत साचलेलं ओतून टाका. पावसाळ्यात हे अंतर आठ-दहा दिवसांवर जाऊ शकतं, कधी त्याहूनही जास्त. वार ठरवून पाणी घालायची पद्धत मला अजिबात पटत नाही. शोभेच्या बिनछिद्राच्या कुंडीत आतली कुंडी ठेवली असेल तर ती उचलून बघत जा. माझा एक चांगला वाढलेला वेल असाच गेला. बाहेरच्या कुंडीत चार बोटं पाणी साचलं होतं आणि मी वरून पानं पुसत होतो.

फसगत होते ती मरगळलेल्या पानांपाशी. पानं लोंबली की झाड तहानलेलं आहे असं समजून आपण आणखी पाणी घालतो. माती कोरडी असेल तर ते बरोबरच आहे, काही तासांत पानं उभी राहतात. पण माती ओली असून पानं लोंबत असतील तर मुळं कुजली आहेत. पाणी शेजारी आहे, ओढणारं कुणी नाही. अशा वेळी कुंडी आडवी करून गड्डा अलगद बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी, बुळबुळीत असतं. चिमटीत धरून ओढलं तर वरची साल सुटून हातात येते आणि मागे नुसता दोरा उरतो. वासही येतोच.

कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने काढून टाका. बागेची माती, गांडूळखत आणि जाड वाळू किंवा परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) समान घेऊन नवं मिश्रण करा. उरलेल्या मुळांच्या मापाची लहान कुंडी घ्या, मोठी नको. मोठ्या कुंडीतली जादा माती दिवसेंदिवस ओली राहते आणि रोग पुन्हा उलटतो. झाड नव्याने फुटेपर्यंत खत देऊ नका. सुदृढ वेलाला महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम पुरे.

मुळं साफ गेली असतील तरी हिरवी कांडी शिल्लक आहे तोवर वेल हातचा गेलेला नाही. उबदार, दमट हवेत काडी लवकर लागते. कांडीवरच्या पेराजवळ, म्हणजे पान फुटतं त्या गाठीजवळ, तपकिरी उंचवटा दिसतो, तो हवाई मुळाचा कोंब. त्याच्या बोटभर खाली कापा. एक पेर आणि एक पान असलं तरी चालतं. पेर नसलेलं नुसतं पान पाण्यात मुळं धरेल, पण त्यातून वेल कधीच निघणार नाही. पेर पाण्यात, पान बाहेर. चार-पाच दिवसांनी पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात. ती बोटभर झाली की मातीत लावा. फार लांबवलीत तर पाण्यात वाढलेली नाजूक मुळं मातीत रुळायला कुरकुर करतात.

बुडाशी उघडा पडलेला, फक्त शेंड्याला चार पानं असलेला वेलही याच दिवसांत कापावा. जीव होत नाही, हे मान्य. पण कापल्यावर खालच्या पेरातले डोळे फुटतात, आणि कापलेल्या काड्या त्याच कुंडीत खोचल्या की बूड भरून येतं. पान मोठं हवं असेल तर वेल लोंबकळत न ठेवता ओलसर मॉस स्टिकवर (शेवाळ गुंडाळलेल्या काठीवर) चढवा. हा मुळात प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटाचा, झाडावर चढणारा वेल. चढताना त्याचं पान मोठं होत जातं, खाली सुटला की बारीक राहतं. फूल मात्र त्याला जवळजवळ येतच नाही, कारण फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तो पुरेसं बनवत नाही. त्यामुळे बी शोधत बसू नका, काडीच मागा.

पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे पुसट होऊ लागले तर कुंडी खिडकीजवळ सरकवा. पानाच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्याने टिपून घ्या, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर वेल उंचावरच टांगा. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी तोंडाची आग होते.

सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला दिसला तर तो दव नव्हे. मुळांनी रात्री ओढलेलं जादा पाणी पानाने बाहेर टाकलेलं असतं. त्या दिवशी तांब्या जागेवरच राहू द्या.