साडीचा रंग गेला म्हणून गिऱ्हाईक परत आलं, तर

आधी बसायला खुर्ची द्या, काउंटरपासून थोडी बाजूला. चारचौघांत बोलावं लागलं की माणसाचा आवाज आपोआप चढतो. मग त्यांचं बोलणं मध्ये न तोडता पूर्ण ऐका.

"धुतली कशी?" हा पहिला प्रश्न नको, त्यातून चूक त्यांचीच असं ऐकू येतं. "कधी नेसायची होती?" असं विचारा. परवा लग्न असेल तर त्यांना आजच दुसरी साडी हवी, क्रेडिट नोटचा, म्हणजे तेवढ्याच रकमेची खरेदी पुढे करता येईल अशा चिठ्ठीचा, उपयोग नाही. घाई नसेल तर साडी पुन्हा रंगवून देता येईल का, ते पाहता येतं. धुण्याची चौकशी त्यानंतर करा आणि बिलावर लिहा, म्हणजे तुम्हाला माल देणाऱ्या व्यापाऱ्याकडे तक्रार नेताना कामी येते. उत्तर कधी देणार तो वार आणि वेळ सांगा. काही ठरलं नसलं तरी त्या वेळी फोन कराच. बहुतेक दुकानं नेमकी इथेच कमी पडतात.

हे सगळं काउंटरवरच्या मुलीच्या हातात हवं. उदाहरणार्थ, १,००० रुपयांपर्यंतचा निर्णय तिने शेठना न विचारता घ्यावा. गिऱ्हाइकासमोर तिला रागावलात, तर पुढची तक्रार ती तुमच्यापासून लपवेल.

तिला बसायला स्टूलही द्या. दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या माणसाकडून संध्याकाळी सात वाजता गोड बोलण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांचा बसण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे स्टूल ठेवायला कायद्याची वाट पाहू नका.