लहान होडीचा किकर: ८:१ ताण आणि दोरीची नेमकी लांबी

किकर म्हणजे बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) खाली ओढून धरणारी दोरी-पुल्यांची जोडणी. वारा वाढला की साध्या ४:१ किकरने, म्हणजे हाताच्या जोराच्या चौपट ओढीने, बूम खाली ओढताना हात थकतो. दोन टप्प्यांची जोडणी करा, ओढ ८:१ होते. ३ मिमी डायनीमाचं (फारशी न ताणणारी मजबूत दोरी) एक टोक डोलकाठीच्या पायथ्याशी अडकवा, दोरी बूमखालच्या एका पुलीतून फिरवून परत खाली आणा. त्या टोकाला दुहेरी पुली लावा; ही मधली पुली. तिच्या आणि पायथ्याच्या क्लीटवाल्या (दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेच्या) दुहेरी पुलीच्या मध्ये ५ मिमी दोरीचे चार पदर. डायनीमा गुळगुळीत असल्याने साधी बोलाइन गाठ त्यावर सरकते; टोकाला स्प्लाइसच करा, म्हणजे दोरीचं टोक तिच्यातच ओवून पक्का फास करा.

खरी अडचण डायनीमाच्या लांबीत असते. बूम ५ सेंमी हलला की मधली पुली १० सेंमी हलते. दोरी लांब पडली तर पुल्या खाली एकमेकींवर आपटतात आणि बूम पुरेसा ओढला जाण्याआधीच ताण संपतो. आखूड पडली तर मधली पुली वर बूमच्या पुलीला भिडते आणि शीड मोकळं सुटत नाही. म्हणून मोजमाप जमिनीवर अंदाजाने घेऊ नका. शीड पूर्ण चढवा, बूमचं टोक हाताने जाईल तितकं वर उचला आणि वरच्या दोन पुल्यांत ५ सेंमी अंतर ठेवून स्प्लाइसची खूण करा.

वारा बाजूने घेऊन वेगात जाताना झोत आला, तर किकर आधी सोडा. ताणलेल्या बूमचं टोक पाण्यात रुतलं की शीटची दोरी (शीड आत ओढणारी) सोडूनही शीड मोकळं होत नाही आणि होडी उलटते.