भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यात कसे निवडावे

पाण्यात टाकलेली वस्तू बुडणार की तरंगणार, हे केवळ तिच्या वजनावर ठरत नाही. तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा ती जड आहे की हलकी, म्हणजेच तिची घनता किती आहे, यावर ते ठरते. मावळ, मुळशी, भोर या पुणे जिल्ह्याच्या भातपट्ट्यात पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात घालण्याची जी शिफारस केली जाते, तिच्यामागे हेच तत्त्व आहे. भरलेल्या दाण्यात तुसाच्या आत तांदूळ गच्च बसलेला असतो, तर पोचट दाण्यात ती जागा हवेने व्यापलेली असते. त्यामुळे वरून सारखे दिसणारे दोन दाणे पाण्यात वेगवेगळे वागतात.

प्रथम १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून ते पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. साध्या पाण्याचे वजन लिटरला सुमारे १००० ग्रॅम असते, तर या द्रावणाचे सुमारे १०२० ग्रॅम भरते. फरक किरकोळ वाटतो, परंतु साध्या पाण्यात जेमतेम बुडणारे अर्धवट भरलेले दाणे एवढ्या फरकानेही वर येतात. ताजे अंडे तरंगेपर्यंत मीठ घालण्याचीही एक रीत आहे. तिला याच्या तिपटीहून अधिक मीठ लागते आणि निवड फार कडक होते, म्हणून घरच्या बियाण्यासाठी ३ टक्क्यांचे द्रावण पुरेसे समजावे.

आता बियाणे थोडेथोडे, द्रावणात मोकळे फिरेल इतकेच सोडावे. येथे घाई करू नये. भाताच्या तुसावर बारीक लव असते आणि तिच्यात हवेचे बुडबुडे अडकतात, त्यामुळे चांगला दाणाही काही काळ वर राहतो. हाताने नीट ढवळून बुडबुडे सुटू द्यावेत, पाणी स्थिर होऊ द्यावे आणि त्यानंतरही जे वर राहील तेच चाळणीने काढावे. त्यात रोगट दाणेही असू शकतात, म्हणून ते पुन्हा बियाण्यात मिसळू नयेत.

तळाशी बसलेले बियाणे लगेच बाहेर काढून स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे, कारण दाण्यावर राहिलेले मीठ उगवणीला बाधक ठरते. त्याच द्रावणात पुढचा घाणा घालता येतो. मात्र ओल्या भांड्यांनी ते पातळ होत गेल्यास लिटरचे वजन पुन्हा तपासून मीठ वाढवावे.

धुतलेले बियाणे सावलीत पातळ पसरून २४ तास वाळवावे. बुरशीनाशक किंवा जिवाणू संवर्धक लावायचे असल्यास ते यानंतरच लावावे. विकत आणलेले बियाणे औषध लावून रंगवलेले असेल, तर ते या पाण्यात घालूच नये. औषध धुऊन जाते आणि ते पाणी ओतायचे कुठे, हा प्रश्न वेगळाच उरतो.